वाक्याची सुरुवात: 1844 पासून तुमच्या प्रबंधापर्यंत

मसुदा परत येतो आणि समासात शेरा असतो: ‘फ्लो नाही.’ मग बरेच जण काय करतात? वाक्यांच्या तोंडाशी ‘मोअरओव्हर’, ‘फर्दरमोअर’ चिकटवतात. तरी फ्लो येत नाही. का, ते समजायला थोडं मागे जाऊ.

1844 मध्ये आंरी वेल यांनी पॅरिसला डॉक्टरेटच्या प्रबंधासाठी विषय घेतला तो शब्दक्रमाचा. त्यांचं म्हणणं असं: व्याकरणाची रचना वेगळी आणि विचाराची चाल वेगळी. विचार माहीत असलेल्या गोष्टीपासून नव्या गोष्टीकडे जातो. विसाव्या शतकात प्रागच्या व्हिलेम माथेसियस यांनी हा धागा पुढे नेला. 1974 मध्ये फ्रांतिशेक दानेश यांनी तो परिच्छेदाला लावला: आधीच्या वाक्यातली नवी गोष्ट पुढच्याची सुरुवात होते, किंवा एकच विषय सगळ्या वाक्यांच्या आरंभी राहतो, किंवा एका मोठ्या विषयाचे तुकडे एकेक करून येतात. 1985 मध्ये हॅलिडे यांच्या व्याकरणामुळे वाक्यारंभाची ही ‘थीम’ इंग्रजीच्या वर्गात पोचली.

1990 मध्ये बेल्जियममधल्या लूवां विद्यापीठात सिल्व्हियान ग्रँजर यांनी इंग्रजी शिकणाऱ्या विद्यार्थ्यांचे निबंध गोळा करायला सुरुवात केली. 1996 च्या ग्रँजर आणि टायसन यांच्या अभ्यासात फ्रेंच भाषक विद्यार्थी ‘मोअरओव्हर’ जास्त वापरताना दिसले, पण ‘हाउएव्हर’, ‘देअरफोर’ कमी. म्हणजे भर घालणारे शब्द भरपूर, युक्तिवाद वळवणारे मोजके!

आता आपल्याकडे या. ‘आम्ही द्रावण गाळलं. ते रात्रभर फ्रिजमध्ये ठेवलं.’ मराठीत ‘ते’ सहज पुढे येतं. इंग्रजीत ‘वी केप्ट’ने सुरुवात केली की ओळखीची गोष्ट मागे ढकलली जाते. ‘द फिल्ट्रेट वॉज केप्ट’ लिहिलं की ती पुन्हा पुढे येते. पॅसिव्हचा खरा उपयोग हा आहे. नुसतं भारदस्त दिसण्यासाठी तो वापरू नका.

जोडशब्द नात्याची फक्त घोषणा करतो, नातं तयार करत नाही. म्हणून आज एवढंच करा: तुमच्या एका परिच्छेदातल्या प्रत्येक वाक्याचे पहिले चार-पाच शब्द अधोरेखित करा आणि फक्त तेच वाचा. प्रत्येक सुरुवातीला वाचकाच्या ओळखीचं काही सापडतंय का? जिथे सापडत नाही, तिथेच तो शेरा पडलेला असतो.