तळटीप : नॉटिंगहॅम फॉरेस्टची बढती, १९७६–७७
३. इंग्लंडच्या सेकंड डिव्हिजनमध्ये तेव्हा २२ संघ असत. प्रत्येकी ४२ सामने, विजयाला दोनच गुण. पहिले तिघे थेट वर चढत. प्ले-ऑफ १९८७मध्ये आले. १९७६–७७च्या अखेरचे गुण : वुल्व्ज ५७, चेल्सी ५५, फॉरेस्ट ५२ आणि बोल्टन ५१! स्वतःचे सामने आटोपलेल्या फॉरेस्टला बोल्टनच्या निकालांकडे डोळे लावून बसावे लागले. वुल्व्जने बोल्टनला हरवले तेव्हा कुठे जागा पक्की झाली. लेखकाने या हंगामाची एका वाक्यात बोळवण केली आहे, ते पटत नाही. फॉरेस्टचे व्यवस्थापक ब्रायन क्लफ यांच्या जोडीला सहायक म्हणून पीटर टेलर आले ते याच हंगामाआधी, १९७६च्या उन्हाळ्यात. पुढच्याच वर्षी फॉरेस्टने फर्स्ट डिव्हिजन जिंकली, आणि १९७९ व १९८०मध्ये लागोपाठ युरोपियन कपही. — संपा.