एरंडोल, थळघाट आणि समुद्र

अंजनीकाठच्या या गावात बसून बंदराविषयी बोलावयाचे म्हणजे श्रोत्यांना थोडे नवल वाटेल. पण एरंडोल तालुक्याचा इतिहास समुद्राला विसरून सांगताच येत नाही. शेजारच्या धरणगावात सतराव्या शतकातच इंग्रजांची वखार होती. सुरत बंदरातून निघालेला व्यापारी मार्ग नवापूर-नंदुरबारवरून खानदेशात शिरे आणि बऱ्हाणपुराकडे जाई. त्या काळी आपला माल पश्चिमेकडे, तापीच्या खोऱ्याने, सपाटीवरून जात असे. वाटेत सह्याद्रीची भिंत आडवी नव्हती.

पुढे सुरत मागे पडली, मुंबई वर आली, आणि आपल्यापुढे डोंगर उभा राहिला. १८१८ साली खानदेश इंग्रजांच्या ताब्यात गेला. त्यानंतर येथल्या कापसाची वाट धुळे, मालेगाव, नाशिक आणि थळघाट अशी ठरून गेली. लमाणांच्या बैलांच्या पाठीवर किंवा गाड्यांतून कापूस निघे. वाटेत तो धुळीने मळे, वळिवाच्या सरीत भिजे. पावसाळा लागला की घाट जवळजवळ बंदच होई. तेव्हा कापूस पिकविण्यापेक्षा तो बंदरावर कोरडा पोचविणे अवघड होते, असे म्हणावयास हरकत नाही.

१८५३ साली मुंबई-ठाणे आगगाडी सुरू झाली, तेव्हा तिच्या चालकांची दृष्टी ठाण्यावर नव्हती. ती घाटापलीकडच्या कापसावर होती. जेम्स बर्कले हा मुख्य अभियंता. त्याने भोरघाट आणि थळघाट अशा दोन चढणी आखल्या. थळघाटाची चढण सुमारे सव्वानऊ मैलांची, चढ ९७२ फुटांचा, आणि तीत १३ बोगदे. भोरघाटात बोगदे २५. यंत्रे अशी नव्हतीच. पहार, घण आणि सुरुंगाची दारू एवढ्यावर काळा दगड फोडावयाचा. कड्यावर उभे राहावयास जागा नसे, तेथे माणसे दोरांनी खाली सोडीत. कॉलरा आणि हिवताप यांनी किती माणसे मेली याची नीट मोजदाद कोणी ठेवली नाही. एकट्या भोरघाटात हजारो मेली, एवढे मात्र निश्चित.

१८५९ साली मजुरीवरून भोरघाटात मजुरांनी दंगा केला. पुढच्याच वर्षी अशा तंट्यांसाठी कायदा झाला. त्याने मजुराला दाद मागण्याची वाट दिली खरी, पण करार मोडून काम सोडणाऱ्या मजुराला शिक्षाही ठेवली. त्याच भोरघाटात सॉलोमन ट्रेडवेल हा कंत्राटदार येताच आजाराने वारला, आणि त्याच्या पत्नीने, ॲलिस ट्रेडवेलने, ते कंत्राट पुरे करविले. तिचे नाव आपल्याला ठाऊक आहे. ज्यांनी दगड फोडला त्यांचे एकही नाव आपल्याजवळ नाही. ते कोणाच्या तरी गावचे होते, कोणाचे तरी आजे-पणजे होते.

१ जानेवारी १८६५ रोजी लोहमार्ग इगतपुरीपर्यंत खुला झाला. आता इतिहासाचा खेळ पाहा. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ पासून तिकडचा कापूस विलायतेला जाईनासा झाला होता आणि आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. बोगदे पुरे झाले आणि चारच महिन्यांत ते युद्ध संपले. भाव कोसळले, मुंबईतील पेढ्या बुडाल्या. वाट झाली तेव्हा तेजी निघून गेली होती.

तरी वाट राहिली, आणि तिने आपल्या मुलखाचे रूप पालटले. रेल्वे पाचोऱ्याहून म्हसावदवरून जळगावला गेली. एरंडोल बाजूला राहिले. जळगाव वाढले, कापसाची पेठ झाले, आणि १९०६ साली खानदेशाचे दोन जिल्हे झाले तेव्हा पूर्व खानदेशाचे ठाणेही तेथेच झाले.

बोगद्याला तोंडे दोन असतात, हे आपण विसरतो. एका तोंडातून कापूस गेला, दुसऱ्यातून गिरणीचे कापड आणि कारखान्याचा कागद आला. एरंडोलचा हातकागद एके काळी नावाजलेला होता. विसाव्या शतकाच्या आरंभी तो धंदा थोडाफारच उरला होता. याचा सारा दोष रेल्वेवर घालणे अन्यायाचे होईल, पण स्वस्त माल गावोगाव पोचविणारी वाट तीच होती.

हे सारे आज सांगण्याचे कारण असे की, त्याच इगतपुरीच्या डोंगरात पुन्हा बोगदा झाला आहे, आणि या वेळी तो मोटारींच्या रस्त्याचा आहे. समृद्धी महामार्गाचा शेवटचा, इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरांचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. त्यात सुमारे पावणेआठ किलोमीटर लांबीचा जोडबोगदा आहे. जाण्याचा वेगळा, येण्याचा वेगळा, प्रत्येकात तीन पदर. आग लागल्यास पाण्याचे तुषार सोडण्याची सोय आहे. कसारा घाटात मालमोटारींच्या रांगेत रात्र काढलेल्या माणसाला याचे मोल सांगावे लागत नाही. १९८९ पासून उरणजवळच्या न्हावा-शेवा बंदरात पेट्यांतून माल चढतो. तेथे पोचण्याची खानदेशची वाट त्याने सोपी केली, यात शंका नाही.

पण जुना हिशेब नव्यानेही मांडावाच लागतो. याच टप्प्यावर, शहापूर तालुक्यात, २०२३ च्या ऑगस्टच्या पहिल्या पहाटे पुलाचे तुळईयंत्र कोसळले आणि २० माणसे मेली. या वेळी मेलेल्यांची नावे वर्तमानपत्रांत छापून आली. दीडशे वर्षांत एवढी सुधारणा झाली म्हणावयाची. ती नावे रस्त्याच्या कडेला दगडावर कोरली जावीत, एवढे मागणे फार नव्हे.

दुसरा हिशेब आपल्या घरचा आहे. माल बंदरावर लवकर पोचला म्हणजे शेतकऱ्याच्या हाती चार पैसे अधिक पडतातच असे नाही. १८६५ ने हे शिकविले आहे. वाचलेला वेळ आणि वाचलेले भाडे कोणाच्या पदरात पडते, ते आपण आपल्या बाजारपेठेत उभे राहून पाहिले पाहिजे. डोंगर फोडण्याचे काम अभियंत्यांनी केले. हा हिशेब मागण्याचे काम मात्र आपले आहे.