उंबऱ्याआडचं क्रौर्य

कुत्र्याच्या छळाची एक फार जुनी तक्रार महाभारताच्या आदिपर्वात आहे. राजा जनमेजयाच्या यज्ञात शिरलेल्या, सरमा या देवांच्या कुत्रीच्या पिल्लाला जनमेजयाच्या तिघा भावांनी झोडपलं. पिल्लानं हविष्याला तोंड लावलं नव्हतं, त्याकडे पाहिलंही नव्हतं. ते रडत आईकडे गेलं, तेव्हा सरमा तडक यज्ञस्थळी आली आणि निरपराध लेकराला का मारलंत, असं तिनं विचारलं. उत्तर मिळालं नाही, म्हणून तिनं शाप दिला. माराची तक्रार करणं त्या मानानं सोपं असतं. मारणारा ठाऊक असतो, अंगावर वळ असतात. उपासमारीला आणि आखूड साखळीला असा एकच क्षण नसतो. आपल्याकडे हेळसांडीला गुन्हा ठरवायला कायद्याला जो उशीर झाला, त्याचं कारण मला इथे दिसतं. लोकांत दया होती, पण कायद्याची नजर रस्त्यावरच थांबत होती.

दया होती, याचे पुरावे भक्कम आहेत. पारशांच्या वेंदिदादमध्ये कुत्र्याला निकृष्ट अन्न देणाऱ्याला शिक्षा सांगितली आहे. घशात अडकेल असं हाड किंवा तोंड पोळेल असं गरम अन्न देणंही तिथे पाप आहे. म्हणजे मारापलीकडचं क्रौर्य ओळखणारी दृष्टी मुंबईत राहणाऱ्या एका समाजाच्या धर्मग्रंथातच होती. जून १८३२ मध्ये सरकारी हुकमानं भटकी कुत्री मारली जाऊ लागली, तेव्हा याच पारशांनी दंगल केली, बाजार बंद पाडला आणि हिंदू-जैनही त्यांच्या बाजूनं उतरले. पुढे १८७४ मध्ये मुंबईत प्राण्यांवरील क्रौर्य रोखणारी संस्था निघाली आणि १८८३ मध्ये परळला बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाचं जनावरांचं रुग्णालय उभं राहिलं. तरीही १८९० च्या कायद्यानं मारहाणीला गुन्हा मानलं ते ती रस्त्यावर, लोकांचा वावर असलेल्या जागी किंवा तिथून दिसेल अशी घडली तरच. मागच्या अंगणात भिंतीआड बांधलेलं कुत्रं त्या नजरेबाहेरच राहिलं.

भिंतीआडच्या हेळसांडीला स्पष्ट शब्द दिले ते १९६० च्या प्राणी क्लेश प्रतिबंधक कायद्यानं. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत मांडलेल्या विधेयकातून ती वाट निघाली होती. अकराव्या कलमात प्रमाणाबाहेर आखूड किंवा जड साखळी आली, पुरेसं अन्न, पाणी, निवारा न देणं आलं. कायम बांधून ठेवलेल्या कुत्र्याला फिरवायला न नेणं हा तर कुत्र्याचं नाव घेऊन लिहिलेला गुन्हा आहे. मानेत रुतलेला पट्टा, वाढून वळलेली नखं, जटा झालेले केस, कोरडं भांडं, हात उचलताच अंग चोरणं, या खुणा शेजाऱ्याला दिसतात आणि कलमातल्या शब्दांना त्यांच्यामुळेच पुराव्याचं बळ येतं.

यावर काहीजण म्हणतात की बरगड्या आजारानं किंवा म्हातारपणानंही दिसतात. खरं आहे. म्हणून एका खुणेवर निवाडा करू नये. अनेक दिवसांच्या तारीखवार नोंदी, फोटो आणि पशुवैद्याची तपासणी लागते. दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे: पहिल्या गुन्ह्याला दहा ते पन्नास रुपये दंड, मग तक्रार कशासाठी? दंड लाजिरवाणाच आहे आणि तो वाढायलाच हवा. पण खटला दाखल झाल्यावर न्यायदंडाधिकारी जनावराला बरं होईपर्यंत उपचारासाठी ठेवायला सांगू शकतो आणि दोषी मालकाकडे पुन्हा क्रौर्य होईल असं दिसलं, तर मालकीही काढून घेता येते. कुत्र्याच्या दृष्टीनं दंडापेक्षा हेच मोलाचं आहे.

अडचण वेगळीच आहे. उपाशी ठेवणं हा अदखलपात्र गुन्हा असल्यानं न्यायदंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत, आणि गुन्हा घडल्यापासून तीन महिने उलटले की खटलाच भरता येत नाही. म्हणून लेखी तक्रार पोलीस ठाण्यात आणि जिल्ह्याच्या प्राणी क्लेश प्रतिबंधक संस्थेकडे, पोच घेऊन, इतक्या लवकर द्यावी की त्या मुदतीत न्यायदंडाधिकाऱ्यापुढे खटला दाखल होईल.