बाइज्जत बरी : एका शेऱ्याची कुळकथा

निकालपत्र हातात पडलं की बातमीदार आधी शेवटचं पान उघडतो. तिथे लिहिलेलं असतं : सरकार पक्ष गुन्हा निःसंशय शाबीत करू शकला नाही, सबब आरोपीस संशयाचा फायदा देऊन दोषमुक्त करण्यात येत आहे. सकाळी पेपरात मथळा येतो : 'अमक्याची निर्दोष मुक्तता'. 'शाबीत झालं नाही' याचं रातोरात 'केलंच नव्हतं' होऊन जातं.

कायद्याला हा फरक पहिल्यापासून ठाऊक आहे. जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यांनी घडवलेल्या १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यात, तिसऱ्याच कलमात, तीन गोष्टी वेगळ्या सांगितल्या आहेत : शाबीत झालेलं, खोटं ठरलेलं, आणि या दोन्हींत न बसणारं, म्हणजे नुसतं शाबीत न झालेलं. २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ही विभागणी कायम आहे. पण फौजदारी निकालाच्या कपाटाला खण दोनच. आरोप खोटा ठरो की पुरावा अपुरा पडो, दोघे आरोपी एकाच खणात. स्कॉटलंडने मात्र 'शाबीत नाही' हा तिसरा निकाल तीनशेच्या आसपास वर्षं सांभाळला. सुटलेल्या माणसावर तो कायमचा डाग ठेवतो, अशी त्याच्याबद्दल जुनी तक्रार होती. २०२५ मध्ये तिथल्या संसदेने तो रद्द करायचा कायदा केला.

आपल्याकडे तिसरा खण उघडला तो कोर्टाने नव्हे, पगारबिलाने. १९२२ पासून लागू झालेल्या सरकारी नोकरीच्या मूलभूत नियमांत ५४ वा नियम होता. निलंबित कर्मचारी 'सन्मानाने' सुटला तर मधल्या काळाचा पूर्ण पगार. नुसताच सुटला तर साहेब ठरवतील तेवढा. एका क्रियाविशेषणावर वर्षावर्षांचा पगार अडकला. साहजिकच सुटलेले कर्मचारी कोर्टाकडे तो शब्द मागू लागले. कलकत्ता हायकोर्टाचे न्यायमूर्ती लॉर्ट-विल्यम्स यांनी त्यावर सरळ सुनावलं की असला शब्द न्यायालयांना माहीतच नाही. तो बहुधा लष्करी कोर्टांतला असावा. हा निवाडा १९३४ च्या निकालसंग्रहात छापलेला आहे.

शब्द तरीही गेला नाही. हिंदी सिनेमातल्या न्यायाधीशांनी तर त्याला फारसी 'बाइज्जत' आणि अरबी 'बरी' असा भरजरी पोशाख चढवून घरोघर पोचवलं. २०१२ मध्ये तमिळनाडूतल्या एका पोलीस शिपायाचं प्रकरण सुप्रीम कोर्टापुढे आलं. फिर्यादीचे साक्षीदार फिरले म्हणून तो फौजदारी खटल्यातून सुटला होता आणि त्या जोरावर गेलेली नोकरी परत मागत होता. कोर्टाने सांगितलं : 'सन्मानपूर्वक मुक्तता' फौजदारी प्रक्रिया संहितेतही नाही, दंड संहितेतही नाही, ती निकालांतून घडत आली आहे. पूर्ण पुरावा तपासून आरोप अजिबात शाबीत झाला नाही, असं कोर्टाने म्हटलं, तर तिला सन्मानाची म्हणता येईल. शिपायाची बडतर्फी कायम राहिली.

म्हणजे संशयाचा फायदा मिळालेला माणूस दोषी समजायचा का? मुळीच नाही. खटला चालू असतानाही कायदा त्याला निर्दोषच धरून चालतो आणि सुटकेनंतर ते गृहीत अधिक पक्कं होतं. पण गृहीत धरणं वेगळं आणि कोर्टाने तपासून सांगणं वेगळं. ज्याच्यावर खरोखरच खोटं कुभांड रचलं गेलं, त्याचं निर्दोषत्व आपण 'निर्दोष' हा शब्द सरसकट वाटून स्वस्त करतो, ही माझी खरी तक्रार आहे.

कायद्याच्या मराठीत 'दोषमुक्त' हा नेमका शब्द तयार आहे. उपसंपादकांनो, तो मथळ्यात जागाही कमी घेतो. 'निर्दोष' राखून ठेवा. कोर्टाने तसं म्हटलं असेल त्या दिवशी वापरा.