जहांगीरच्या माडीवरची खोली

काळा घोड्याजवळच्या जहांगीर आर्ट गॅलरीत मुंबईचा मराठी माणूस आयुष्यात एकदा तरी जाऊन आलेला असतो. तिकीट नाही, कोणी हटकत नाही, बाहेर उन्हातून दमून आलेला माणूससुद्धा चित्रे बघत दहा मिनिटे टेकतो. सर कावसजी जहांगीर यांच्या देणगीतून ही वास्तू १९५२ साली उभी राहिली. पण याच इमारतीत जिना चढून वर गेले की एक लहानशी जागा होती, आणि १९६३ ते २००७ अशी चव्वेचाळीस वर्षे तिथे 'गॅलरी केमोल्ड' होती, हे खाली येणाऱ्या पुष्कळांच्या गावीही नसे. मी स्वतः त्या माडीवर मोजक्याच वेळा गेलो. खांद्याला शबनम, पायात धुळीच्या वहाणा, आणि आत सगळी शांतता. आपण इथले गिऱ्हाईक नाही हे आपल्यालाच ठाऊक असते, त्यामुळे संकोच वाटायचा. तरीही आपल्या चित्रकलेचा इतिहास खालच्या मोठ्या दालनांइतकाच या छोट्या जागेत घडला, असे माझे मत आहे.

केमोल्ड हे नाव ऐकून रसायनांचा कारखाना डोळ्यांसमोर येतो. ते फारसे चुकीचे नाही. केकू गांधी (हे गांधी पारशी) केंब्रिजला शिकत होते. सुटीत घरी आले आणि महायुद्धामुळे परत जाणे राहून गेले. एका बेल्जियन गृहस्थाशी योगायोगाने ओळख झाली आणि तिच्यातून १९४१ साली चित्रांच्या चौकटी, म्हणजे फ्रेमा, बनवण्याचा धंदा सुरू झाला. तोच हा केमोल्ड. म्हणजे आधी चौकट आली आणि मग चित्र! हिटलरच्या भीतीने युरोप सोडून आलेले काही लोक त्या वेळी मुंबईत होते. टाइम्समधले वॉल्टर लँगहॅमर, कलासमीक्षक रूडी फॉन लायडन, चित्रसंग्राहक इमॅन्युएल श्लेसिंगर. हे लोक आरा, हुसेन, रझा, सूझा अशा तरुणांची चित्रे बघत, विकत घेत, त्यांना पुस्तके दाखवत. १९४७ साली या तरुणांनी प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप काढला खरा, पण त्यांची चित्रे टांगायची कुठे? गांधींनी आपल्या फ्रेमांच्या दुकानात ती लावायला सुरुवात केली. गिऱ्हाईक यायचे फ्रेमसाठी आणि नजर जायची आतल्या चित्राकडे.

जहांगीर झाली तरी प्रश्न पुरता सुटला नव्हता. तिथे चित्रकाराने भाडे भरायचे, आठवडाभर चित्रे लावायची आणि गाशा गुंडाळायचा. पुढे त्याचे काय झाले हे बघणारे कोणी नाही. खाजगी गॅलरीचे काम निराळे असते. ती चित्रकार निवडते, वर्षानुवर्षे त्याच्यामागे उभी राहते, न विकली गेलेली चित्रे सांभाळते आणि विकली गेलेल्यांवर आपला हिस्सा घेते. बाळ छाबडा यांनी १९५९ साली 'गॅलरी ५९' काढून पाहिली, ती फार टिकली नाही. १९६३ साली फ्लोरा फाउंटनजवळ पंडोल आणि जहांगीरच्या माडीवर केमोल्ड अशा दोन गॅलऱ्या निघाल्या आणि त्या टिकल्या. केमोल्डचा रोजचा व्याप केकूंच्या पत्नी खोर्शेद गांधी बघत. लेखात नाव मात्र बहुधा केकूंचेच येते. असो.

मला मुख्य सांगायचे आहे ते १९७५ सालच्या प्रदर्शनाबद्दल. त्या वर्षी या माडीवर डहाणूकडच्या गंजाड गावच्या जिव्या सोमा मशे यांची वारली चित्रे लागली. चित्रकार भास्कर कुलकर्णी त्यांना मुंबईला घेऊन आले होते. हेच कुलकर्णी त्याआधी बिहारच्या दुष्काळात मधुबनीच्या बायकांना कागद पुरवून चित्रे काढून घेत होते. आज साडीच्या काठावर, कपबशीवर, बँकेच्या कॅलेंडरवर वारली आकृत्या दिसतात. त्या सगळ्याचा उगम शोधत मागे गेलो तर आपण बऱ्याच अंशी त्या जिन्यापाशी येऊन पोचतो.

वारल्यांमध्ये चित्र ही मुळात शोभेची वस्तू नव्हे. लग्नात घराच्या आतल्या भिंतीवर चौक लिहिला जातो. तो 'काढत' नाहीत, 'लिहितात'. सारवलेल्या, गेरू फासलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाचे पाणी आणि दातांनी चावून मऊ केलेली बांबूची काडी, एवढेच साहित्य. चौकात पालघट देवी असते. चौक लिहिणाऱ्या सवाशिणी असतात आणि धवलेरी गाणी म्हणते. लग्न झाले, दिवस गेले, पीठ झडले की चौकही गेला. पुढच्या लग्नात नवा. जपून ठेवायचे असे त्यात काही नसतेच.

माडीवर आले ते याहून वेगळे होते. भिंतीच्या जागी कागद, सवाशिणींच्या जागी एक पुरुष, देवीच्या जागी पेरणी, मासेमारी, मुंग्यांची रांग, तारप्याभोवती फेर धरलेली माणसे. मशे सात वर्षांचे असताना त्यांची आई वारली आणि नंतर बरीच वर्षे ते कोणाशी बोलत नसत, मातीत रेघा ओढून सांगत, असे त्यांच्याबद्दल सांगतात. लग्नाची वाट न बघता, रोज, केवळ हात शिवशिवतो म्हणून चित्र काढणारा हा माणूस होता. १९७६ साली त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, २०११ साली पद्मश्री. २०१८ मध्ये ते गेले. वारली चित्रांना २०१४ साली भौगोलिक मानांकनही मिळाले.

मग यात बायकांचे नुकसान झाले का? अलीकडे असा सूर बराच ऐकू येतो, आणि तो सरळ झटकून टाकण्यासारखा नाही. ज्या हातांनी पिढ्यान् पिढ्या चौक लिहिला त्यांची नावे आपल्याला पाठ नाहीत, मशे यांचे आहे. गॅलरीला नाव लागते, कारण नावावर किंमत ठरते. पण मला हेही दिसते की गॅलरीने लग्नाची भिंत उचलून आणली नाही. चौक जिथे होता तिथेच राहिला. आले ते मशे यांचे स्वतःचे काम, आणि एका आदिवासी माणसाला 'लोककला' या ढिगात न टाकता हुसेन-पदमसींसारखे चित्रकार म्हणून नावानिशी टांगणे ही १९७५ साली लहान गोष्ट नव्हती. आमच्यासारख्या मास्तरांनी तर वारली चित्र म्हणजे दोन त्रिकोण आणि एक गोल एवढेच मुलांना शिकवले. त्यापेक्षा त्या माडीने बरे केले.

गंमत अशी की पुढे १९९२ साली नलिनी मलानी यांनी याच जागेत 'सिटी ऑफ डिझायर्स' नावाचे काम केले. कागद नाही, कॅनव्हास नाही, सरळ गॅलरीच्या भिंतींवर चित्रे. नाथद्वाराची जुनी भित्तिचित्रे दुर्लक्षामुळे नष्ट होत होती, त्याची टोचणी त्यामागे होती. पंधरवड्याने प्रदर्शन संपले आणि त्या भिंतींवर रंग फिरवण्यात आला. विकायला काही उरलेच नाही! भिंतीवरचे चित्र कागदावर आणून जिथे टांगले, तिथेच सतरा वर्षांनी शिकल्यासवरल्या चित्रकर्तीने चित्र परत भिंतीवर नेले आणि पुसू दिले. मलानी यांच्या मनात वारली चौक होता असे मला म्हणायचे नाही. पण न विकता येणाऱ्या चित्रासाठी जागा देणारी गॅलरी निव्वळ दुकान नसते, एवढे त्यावरून कळते.

१९८८ पासून त्यांची कन्या शिरीन गांधी गॅलरी पाहू लागल्या. अतुल दोडिया यांचे पहिले एकल प्रदर्शन १९८९ साली इथलेच. मुंबईला आधुनिक कलेचे राष्ट्रीय संग्रहालय मिळावे म्हणून केकू गांधींनी वर्षानुवर्षे खेटे घातले, ते १९९६ साली जहांगीरच्या जवळच सुरू झाले. २००७ साली केमोल्डने माडी सोडली आणि फोर्टातच प्रेस्कॉट रोडवर एका जुन्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर ऐसपैस जागा घेतली. केकू २०१२ साली गेले, खोर्शेद पुढच्याच वर्षी. जहांगीरमधले समोवर उपाहारगृहही २०१५ साली बंद झाले, त्यामुळे हल्ली चित्रे बघून झाल्यावर चहाला रस्ता ओलांडून जावे लागते.