शेड्यूलर, डेटा सेंटरमधील

हजारो सर्व्हरपैकी कोणते काम कोणत्या सर्व्हरवर, केव्हा आणि किती प्रोसेसर व मेमरी देऊन चालवायचे हे ठरवणारी प्रणाली. रचनेतली खरी अडचण जागा शोधण्याची कमी आणि मागण्यांवर विश्वास ठेवण्याची जास्त असते. ‘कमी पडायला नको’ म्हणून जो तो जास्तच मागतो.

मांडणीही सोपी नाही. ६४ कोअर आणि २५६ जीबी मेमरीच्या सर्व्हरवर प्रत्येकी ८ कोअर, ८० जीबी लागणारे तीन डेटाबेस बसवले, की ४० कोअर मोकळे राहतात, पण मेमरी उरते अवघी १६ जीबी. ते कोअर मग जवळपास फुकटच जातात. गूगलच्या ‘बोर्ग’ प्रणालीत (तिचे तपशील २०१५ साली प्रसिद्ध झाले) आधी न बसणारे सर्व्हर वगळतात, उरलेल्यांना गुण देतात. राखून ठेवलेली पण न वापरलेली साधने ती दुय्यम कामांना देते. महत्त्वाच्या कामाला गरज पडली, की दुय्यम कामाला उठावे लागते.

नाशिकच्या सातपूर औद्योगिक वसाहतीतील ईएसडीएस या कंपनीने (स्थापना २००५, संस्थापक पीयूष सोमाणी) वेगळी वाट धरली. तिच्या ‘ईनलाइट’ क्लाउडमध्ये भार वाढला, की चालू व्हर्च्युअल मशीनलाच जादा प्रोसेसर व मेमरी मिळते. ओसरला, की ती परत घेतली जाते. या तंत्राला पेटंटही मिळाले आहे. एकाच डेटाबेसवर उभ्या असलेल्या जुन्या बँकिंग सॉफ्टवेअरच्या चार प्रती काढून भार वाटता येत नाही. तिथे हीच पद्धत सोयीची. मात्र वाढीची मर्यादा म्हणजे तो एक सर्व्हर. त्यावर किती जागा मोकळी ठेवायची, हा अशा रचनेतला सर्वांत नाजूक निर्णय. कमी ठेवली तर ऐन गर्दीत मशीन दुसरीकडे हलवावे लागते. जास्त ठेवली तर महागडे यंत्र रिकामे बसते.

पुण्यातील सी-डॅकच्या ‘परम’सारख्या महासंगणकांची तऱ्हा निराळी. तिथे कामे रांगेत लागतात. पुढच्या मोठ्या कामासाठी प्रोसेसर जमेपर्यंत मधल्या फटीत एखादे छोटे काम उरकून घेता येते, पण ते किती वेळ चालेल हे आधी सांगावे लागते. दिलेली वेळ संपली, की काम अर्ध्यावर तोडले जाते. या धास्तीने संशोधक दोन तासांच्या कामाला सहा तास मागतात, आणि ते काम त्या फटीत मावेनासे होते.