लाल डगला आणि म्हाताऱ्याची वाकळ



विहाराच्या वर्धापन दिनाची स्मरणिका निघतेय, तुम्हीही काहीतरी लिहा, असं समितीच्या पोरांनी सांगितलं. आम्ही सूतगिरणीत रिंगफ्रेमपुढं उभं राहून जन्म काढलेला माणूस. शाळा सातवीपर्यंत, बाकीचं शिक्षण वाचनालयात आणि मोर्चात. तेव्हा विद्वानांसारखं लिहिता येणार नाही. पण कापडावर दोन शब्द लिहायला सांगितले तर आमचा हात कचरत नाही. म्हणून कापडावरच लिहितो.

झालं असं की आमच्या भाच्यानं मोबाईलवर एक फोटो दाखवला. परदेशातल्या लिलावात मांडलेला लष्करी डगला, कंपनी सरकारच्या जमान्यातला. लाल बनात, सोनेरी जर, पितळी बटणांची रांग. काचेभोवती चार-सहा संग्राहक वाकून बघताहेत, एकाच्या हातात भिंग. भाचा म्हणाला, "मामा, एका जुन्या कोटासाठी एवढे पैसे?" आम्ही म्हटलं, थांब, आधी बघू हे लोक बघतात तरी काय.

बटणावर पलटणीचा आकडा आहे का, ते आधी बघतात. मग अस्तर मूळचं की नंतर बदललेलं, कसर कुठं लागली, जर खरी की मागाहून जोडलेली. कोट कोणी घातला होता, त्याच्या घरातून तो कोणाकोणाच्या हाती गेला, याचे कागद असतील तर किंमत चढते. धुऊन इस्त्री केलेल्या कपड्यापेक्षा घामाचा डाग तसाच असलेला कपडा त्यांना जास्त प्यारा. आमच्या घरात डाग पडला की आई बदडून काढायची, तिथं डागाला भाव!

कापडाचीही गंमत सांगतो. ही बनात म्हणजे लोकरीचं कापड. विणून झाल्यावर ओल्यात कुटून कुटून एवढं आटवायचं की धाग्यात धागा बसून जातो. मग ते कुठंही कापा, कडेचं सूत निघत नाही. म्हणून त्या डगल्यांच्या कडा बऱ्याचदा दुमडलेल्याच नसतात, नुसत्या कापून सोडलेल्या असतात. असं कापड इंग्लंडातून यायचं. स्ट्राउड गावच्या गिरण्या लाल बनातीसाठी प्रसिद्ध होत्या आणि कंपनी त्यांची मोठी गिऱ्हाईक होती. आपल्याकडच्या उन्हात लोकरीचं कापड बाजारात कोण घेणार? शिपायाच्या अंगावर मात्र घालता येतं. त्यातला काही खर्च शिपायाच्या पगारातून कापून घेत. आणि लाल म्हणजे सगळं एकच लाल नव्हे. साध्या शिपायाचा लाल मंजिष्ठेच्या मुळीचा, थोडा विटकरीकडं झुकणारा. साहेबाचा लाल कोचिनील नावाच्या किड्यापासून काढलेला, भडक आणि महाग. रंगातसुद्धा उच्च-नीच होतं, ते काही आपल्याच गावचं दुखणं नाही.

आता मुद्द्यावर येतो. लिलावात येतो तो कोट बहुतेक वेळा साहेबाचा असतो. कारण साधं आहे. साहेब पेन्शन घेऊन मायदेशी गेला, कोट पेटीत घालून माळ्यावर ठेवला, नातवाच्या नातवाला तो सापडला. शिपायाच्या घरी माळाही नाही आणि पेटीही नाही. त्याचा डगला तो नोकरीत असतानाच विरला. उरला तो पोराच्या अंगावर गेला, त्यातून उरला तो वाकळीत. एकेका पलटणीत साहेब मोजके आणि शिपाई शेकड्यानं, पण काचेच्या पेटीत साहेबच उभा. संग्राहक ज्याला दुर्मिळ म्हणतो ते तसं बघितलं तर दुर्मिळ नव्हतंच. दुर्मिळ झाला तो शिपायाचा कोट, आणि त्याची गोष्ट सांगायला कुणी नाही.

आपल्या माणसांचं काय उरलं? दगड उरला. १ जानेवारी १८१८ ला कोरेगाव भीमाला मुंबईच्या नेटिव्ह इन्फंट्रीची पलटण पेशव्याच्या फौजेपुढं दिवसभर उभी राहिली. तिथल्या स्तंभावरच्या नावांत 'नाक' असा शेवट असलेली २२ नावं आहेत. परमपूज्य बाबासाहेब १ जानेवारी १९२७ ला तिथं गेले, हे आपल्या लेकराबाळांनाही पाठ आहे. पण दुसरी गोष्ट कमी जणांना ठाऊक असते. कंपनीनं या लढायांसाठी चांदीचं पदक काढलं ते १८५१ साली, म्हणजे तेहतीस वर्षांनी! त्यावर लढाईच्या नावाची पट्टी आणि कडेवर शिपायाचं नाव. तोवर जो जिवंत राहिला त्यालाच ते मिळालं. विशीत लढलेला माणूस पन्नाशी ओलांडून गेल्यावर. कोरेगावची पट्टी असलेल्या त्या पदकासाठी आज संग्राहकांची झुंबड उडते. कडेवरचं नाव वाचायला भिंग लागतं. ते नाव आपल्यातल्या कुणाचं असेल तर त्याच्या पणतूला त्याचा पत्ताही नसणार.

काही जण विचारतात, परक्या सरकारचा कोट, त्याचं कौतुक कशाला? प्रश्न रास्त आहे. कंपनी काही आपल्या भल्यासाठी आली नव्हती. पण गावकुसाबाहेरच्या माणसाला त्या कोटात महिन्याचा पगार होता, आणि पलटणीच्या शाळेत लेकरांना अक्षर होतं. सुभेदार रामजी सकपाळ महूच्या अशाच शाळेत हेडमास्तर होते, हे विसरून कसं चालेल? १८०६ साली वेल्लोरच्या शिपायांनी बंड केलं. नव्या नमुन्याची पगडी घाला, दाढी राखू नका, कपाळावर जातीधर्माची खूण लावू नका, असा हुकूम निघाला, हे त्याचं एक मोठं कारण. त्यांना तो अपमान वाटला आणि त्यांच्या जागी ते खरंही असेल. पण ज्याची जात गावानं कपाळावर न लावताच ओळखली, त्याला सगळ्यांसारखा एकच कोट मिळणं म्हणजे काय, हे ज्यानं घातला त्यालाच विचारावं. डिसेंबर १९२७ च्या महाड परिषदेत बाबासाहेब बायांना लुगडं नेसण्याच्या पद्धतीबद्दल बोलले, ते उगीच नव्हतं.

तोही कोट पुढं काढून घेतला. १८९० नंतरच्या काळात लढाऊ जात आणि बिगरलढाऊ जात असा भेद करून महारांची भरती बंद केली. गोपाळबाबा वलंगकर, शिवराम जानबा कांबळे यांनी अर्जांवर अर्ज केले. पहिलं महायुद्ध पेटलं तेव्हा आठवण झाली, १९१७ ला १११ वी महार पलटण उभी केली आणि काम सरल्यावर १९२१ ला मोडली. अवघी चार वर्षं! पुन्हा युद्ध आलं, जुलै १९४१ मध्ये बाबासाहेब संरक्षण सल्लागार समितीवर गेले आणि त्याच वर्षी १ ऑक्टोबरला बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. तिच्या टोपीच्या बिल्ल्यावर कोरेगावचा स्तंभ होता. स्वातंत्र्यानंतर बिल्ला बदलला, स्तंभ गेला. म्हणून तो जुना बिल्ला आज संग्राहक शोधत फिरतात.

आपल्या परभणीकडं बघा. हिंगोली १९९९ पर्यंत आपल्याच जिल्ह्यात होती. तिथं निजामाच्या खर्चानं पोसलेल्या हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती, इंग्रज साहेबांच्या हुकुमाखाली, १९०३ पर्यंत. म्हणजे ते रंगीत डगले आपल्याही रस्त्यांवरून फिरले. पुढं लाल जाऊन खाकी आली. खाक म्हणजे माती, हे निजामीत वाढलेल्या आपल्या म्हाताऱ्यांना कुणी शिकवावं लागलं नाही.

आमच्या वस्तीत एक कालकथित आजोबा होते. दुसऱ्या महायुद्धात महार रेजिमेंटमध्ये होते. आम्ही गिरणीला लागलो तेव्हा ते सत्तरीत. दर १४ एप्रिलला तो खाकी कोट घालून मिरवणुकीच्या पुढं चालायचे. कोट अंगात ढगळ झालेला, टोपीला बिल्ला. आम्ही तरणी पोरं मागून हसायचो, खोटं का सांगू? एकदा त्यांनी बिल्ला काढून आमच्या तळहातावर ठेवला आणि म्हणाले, "बघ, ह्यो खांब कुठला हाय?" आम्हाला सांगता आलं नाही. युनियनच्या सभेत भाषणं ठोकणारे आम्ही! ते काही बोलले नाहीत, बिल्ला परत टोपीला लावला. त्यानंतर आम्ही इतिहासाची पुस्तकं शोधायला लागलो.

ते गेल्यावर वर्ष-दीड वर्षानं आम्ही त्यांच्या घरी गेलो. बिल्ला पितळेच्या भांड्यांसोबत भंगारात वजनावर गेला होता. घरच्यांना दोष कसा देणार? त्या साली दुष्काळ होता, आणि ती वस्तू काय आहे हे त्यांना आम्ही तरी कुठं सांगितलं होतं?

२०२५ साल अशा लिलावांच्या बातम्यांचंच गेलं. एप्रिलात लंडनला सोथबीजच्या लिलावातून रघूजी भोसल्यांची तलवार महाराष्ट्र सरकारनं सत्तेचाळीस लाखांवर मोजून घेतली. मे महिन्यात पिप्रहवाची रत्नं, १८९८ साली तथागतांच्या अस्थींसोबत स्तूपात सापडलेली, हाँगकाँगला लिलावाला निघाली होती. देशोदेशीचे बौद्ध बोलले, सरकारनं नोटीस दिली, लिलाव थांबला आणि जुलैत ती रत्नं भारतात आली. शंभर वर्षांवरची ऐतिहासिक वस्तू परवान्याशिवाय देशाबाहेर नेऊ नये, असा कायदा आपल्याकडं १९७२ चा आहे. पण वाकळीला कायदा काय करणार? तिथं घरच्याच माणसानं बघावं लागतं. नागपूरजवळ चिचोलीला वामनराव गोडबोल्यांनी बाबासाहेबांचे कोट, कपडे, टाइपरायटर जपले म्हणून आज ते डोळ्यांनी बघायला मिळतात. कपड्यांना कसर लागायला लागली तेव्हा त्यांवर रासायनिक प्रक्रिया करावी लागली. कापड आहे, ते कुणाचंही असो, कसर विचारून लागत नाही.

आजोबांच्या घरी त्या दिवशी चहा झाल्यावर म्हातारीनं एक वाकळ आणून आमच्यापुढं टाकली. लुगड्याचे तुकडे, धोतराचे तुकडे, आणि मधोमध खाकी. "त्यांचा कोट हाय ह्यो," म्हणाली, "लई ऊब देतो." आम्ही ती मांडीवर घेऊन नीट बघितली. तिनं उभे दोरे बारीक घातले होते, गिरणीतला माणूसही नाव ठेवणार नाही असे. खाकी तुकड्याच्या कडेला एक काज तसंच राहिलेलं. ते तिनं शिवून बुजवलं नव्हतं.

म्हातारी गेली तेव्हा तिच्या सुनेनं ती वाकळ आम्हाला दिली. वर्धापन दिनाला ती विहारातल्या कपाटात, कडुनिंबाचा पाला घालून, ठेवणार आहोत. बाजूला चिठ्ठी लावू, नाव, पलटण आणि गाव लिहून. भाच्यानं अक्षर काढायचं कबूल केलं आहे.